बेडकाचा अर्ज

"साहित्यास्वाद व सर्जनशील लेखन (सामाजिक व पर्यावरणीय जाणिवेसह)" या नावाचा एक नवा तास सातवीच्या वर्गाला सुरू करावा, असं परिपत्रक सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोल्ना राकित्सा या गावच्या शाळेत येऊन पडलं, आणि शिक्षकांच्या खोलीतल्या प्रत्येकाला अचानक काही ना काही काम आठवलं. व्यायामाचे शिक्षक चेंडूत हवा भरायला गेले. भूगोलाच्या बाईंना नकाशा गुंडाळायचा राहिला होता. खोलीत उरले ते एकटे अस्पारुह मिंचेव मास्तर, कारण त्यांच्या तोंडात बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पावाचा, मोठा घास होता आणि तो गिळल्याशिवाय कुठलीही सबब सांगणं शक्य नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तयार आहात," मुख्याध्यापिका काराइवानोवा बाई म्हणाल्या.

मास्तरांनी घास गिळला तोवर त्यांचं नाव कागदावर चढलं होतं.

खरं सांगायचं तर मास्तरांना मनातून बरं वाटलं होतं. सत्तावीस वर्षं ते मुलांना साहित्य शिकवत होते. आपल्याइतकं बारकाईने वाचणारा माणूस या गावात दुसरा नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती आणि गावाने ती कधी उपस्थितही केली नव्हती. पण परिपत्रकासोबत एक तक्ता आला होता. तो भरता भरता मास्तरांच्या डोक्यात जो गोंधळ शिरला, तो पुढे महिनाभर बाहेर पडला नाही. तक्त्यात दोन रकाने होते: "सुरुवातीची जाणीव (टक्के)" आणि "अखेरची जाणीव (टक्के)".

"बाई, हे मोजायचं कसं?"

"आधी कमी लिहा, नंतर जास्त लिहा. असं करू नका की आधीच शंभर टक्के. मग वर्षभर काय करणार?"

"पण सामाजिक किती आणि पर्यावरणीय किती? आणि आस्वाद यात कुठे बसतो?"

काराइवानोवा बाईंनी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. "आस्वाद कंसाच्या बाहेर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही नकाशा गुंडाळायचा असावा तशा निघून गेल्या.

मास्तरांनी गावातल्या इतर जाणकारांना विचारून पाहिलं. घरी बायकोला, नेवेनाला विचारलं. ती लाल मिरच्या भाजत होती. ती म्हणाली, "जाणीव असती तर ही मिरच्यांची पोती तुम्ही न सांगता आत आणली असती." मग ते गावाच्या राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, भट्टीवर गेले. सप्टेंबर ते नोव्हेंबर गावातला निम्मा संसार तिथेच चालतो. आपापल्या आलुबुखाऱ्यांची आंबवण घेऊन लोक रांगेने येतात, आणि खारितोन नावाचा, भुवया जळालेला, अंगापिंडाने आडवा माणूस तांब्याच्या हंड्याखाली लाकडं सारत बसलेला असतो. खारितोनला कुठल्याही विषयावर मत असतं.

"मास्तर, सोपं आहे," तो म्हणाला. "पोरांना झाडं लावायला सांगा आणि त्यावर निबंध लिहायला सांगा. झाड जगलं तर पर्यावरण, मेलं तर साहित्य."

पहिल्या तासाला मास्तर चाळीस मिनिटं बोलले आणि शेवटी "शरद ऋतू" असा विषय दिला. एकोणीस मुलांपैकी सोळांनी "शरद हा निसर्गाचा चित्रकार आहे" असं पहिलं वाक्य लिहिलं. उरलेल्या तिघांनी तेच दुसरं लिहिलं. मास्तर आठवडाभर खिन्न होते. मग एका सकाळी दाढी करताना त्यांना सुचलं, आणि सुचल्याच्या आनंदात त्यांनी हनुवटी कापून घेतली.

"मुलांनो," हनुवटीला कागदाचा कपटा लावून ते वर्गात म्हणाले, "ज्याला बोलता येत नाही असं काहीतरी निवडा. झाड, दगड, जनावर, काहीही. त्याच्या तोंडून एखाद्या मोठ्या माणसाला पत्र लिहा. ऋतूला चित्रकार म्हणायचं नाही. कुणालाच चित्रकार म्हणायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. तपशील द्या!"

मुलांनी दिले. बसथांब्याने बसच्या कंपनीला पत्र लिहिलं. गच्चीवरच्या कोळ्याने मुख्याध्यापिकांना लिहिलं. एका मुलाच्या डुकराने थेट देवाला लिहिलं. डिसेंबरात घरोघरी डुकरं कापतात, आणि तो जवळ येत असल्याने त्याचा सूर जरा घाईचा होता. आणि रालित्साने लिहिलं ते असं:

"माननीय नगराध्यक्ष यांस. मी पुलाखाली राहणारी म्हातारी बेडकी. आम्हाला तक्रारीची सवय नाही. आमचा आवाज मोठा आहे, पण ऐकणारे फक्त म्हणतात, उद्या पाऊस येणार. गेले तीन गुरुवार शाळा सुटल्यावर एक इसम हातगाडीवर निळं पिंप घेऊन पुलावर येतो. पिंपाची एक कडी तुटलेली आहे. इसमाचं पोट त्याच्या आधी येतं. तो काहीतरी गुणगुणत असतो आणि त्याचा सूर दर वेळी एकाच जागी चुकतो. तो भट्टीतला चोथा ओढ्यात ओततो. गरम, आंबट, तपकिरी. उन्हाळ्यात झालेली माझी पिल्लं पहिल्या गुरुवारनंतर मला दिसली नाहीत. इसम मात्र परत जाताना हलका हलका चालतो, जणू आत्ताच कुणाला काही भेट देऊन आला आहे. आपली, बेडकी. पुलाखाली, डाव्या हाताला."

रालित्सा तेरा वर्षांची, बारीक आवाजाची, तिसऱ्या बाकावरची मुलगी. पुलाजवळच्या घरात आजीबरोबर राहायची. वर्गात ती कधी बोलली असेल तर ते हजेरीच्या वेळी. मास्तरांनी तिचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला पैकीच्या पैकी सहा गुण दिले. सातव्या वर्गात त्यांनी सहा गुण दिल्याला अकरा वर्षं झाली होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर पालकांसाठी खुला तास झाला. मास्तरांनी निळा टाय बांधला आणि ते पत्र स्वतः, आवाजात चढउतार करत वाचून दाखवलं.

"पाहा!" ते म्हणाले. "या इसमाचं नाव नाही, गाव नाही, पण तो कसा डोळ्यांसमोर उभा राहतो! 'इसमाचं पोट त्याच्या आधी येतं.' वा! आपण सगळ्यांनी असा माणूस पाहिलेला आहे. आत्मसंतुष्ट, बेसूर, आपण काय करतो याचा पत्ता नसलेला. लेखिकेने एकही शिवी न देता त्याची सालटी काढली आहेत!"

एका पुतण्याचा पालक म्हणून आलेल्या खारितोनला खोकल्याची मोठी उबळ आली. नेवेना छताकडे बघत होती. मागच्या रांगेत दोन बायकांनी एकमेकींच्या खांद्यात तोंडं लपवली. मास्तर भारावून गेले. साहित्य माणसांना आतून कसं हलवतं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं सांगितलं होतं. आज प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

त्या आनंदात त्यांनी सगळी पत्रं शाळेच्या कारकून त्सोंकाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही त्या परिपत्रकाला लावा." आणि अनर्थ तिथे झाला. त्सोंकाबाई एकोणतीस वर्षं शाळेचं टपाल सांभाळत होत्या आणि त्यांचा एक नियम होता: कागदावर वर ज्याचं नाव असेल, कागद त्याच्याकडे गेला पाहिजे. देवाचा पत्ता नसल्यामुळे डुकराचं पत्र त्यांनी ठेवून घेतलं. बसथांब्याचं बस कंपनीला गेलं (त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही). बेडकीचं नगरपालिकेत गेलं.

"त्सोंकाबाई, सही बघितली नाहीत? बेडकी!" मास्तर नंतर म्हणाले.

"मी का बघू? आपल्या गावात व्राब्चेव आहेत, म्हणजे चिमणीच ना? वल्कोव आहेत, म्हणजे लांडगा. त्यांचे अर्ज मी कधी अडवले का? मग बेडकीचाच का अडवू?"

बाईंच्या म्हणण्यात कुठेतरी चूक आहे हे मास्तरांना दिसत होतं, पण नेमकी कुठे ते सापडत नव्हतं.

आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर नगरपालिकेचं उत्तर आलं. "श्रीमती बेडकी यांस. आपला अर्ज आवक क्रमांक चारशे सतरा अन्वये दाखल झाला आहे. अर्जात जन्मतारीख व कायमचा पत्ता नमूद नाही. 'डाव्या हाताला' हा पत्ता ग्राह्य धरता येत नाही. सात दिवसांत समक्ष हजर राहावे."

मास्तर टोपी घालून तडक नगरपालिकेत गेले. खिडकीमागे एक तरुण, अतिशय नम्र कारकून बसला होता. नम्र कारकुनापुढे माणूस जास्त हतबल होतो, कारण रागवायला जागा मिळत नाही.

"हा अर्ज परत हवा आहे," मास्तर म्हणाले.

"अर्ज फक्त अर्जदाराला मागे घेता येतो, सर."

"अर्जदार बेडूक आहे!"

"मग त्यांचं मुखत्यारपत्र आणा. त्यांना चालता येत नसेल तर आमचा माणूस घरी येऊन सही घेऊ शकतो."

"अहो, बेडूक म्हणजे खरोखरचा बेडूक. नाही, तसा खरोखरचा नाही. तो काल्पनिक बेडूक आहे!"

कारकुनाने सहानुभूतीने मान हलवली. "म्हणजे अर्जदार अस्तित्वात नाही असं आपलं म्हणणं आहे. मग तसं लेखी द्या ना. दोन प्रतींत."

मास्तर तिथल्याच बाकावर बसले आणि त्यांनी लिहिलं. लिहायला बसल्यावर त्यांना राहवत नसे. कथेतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे. निवेदक ही एक रचना असते. बेडकीच्या तोंडून लेखिका निसर्गाच्या मूक वेदनेला वाचा फोडते. आणि चोथ्याचं ते तपकिरी वर्णन तर इतकं जिवंत आहे की वाचकाला वास यावा. असं साडेतीन पानं. कारकुनाने ती आदराने चाळली, शेवटी "वास" शब्दाखाली रेघ मारली आणि त्यावर शिक्का मारला: "तज्ज्ञाचा पूरक अहवाल." दोन्ही कागद जिल्ह्याच्या पर्यावरण खात्याकडे रवाना झाले.

मास्तर घरी आले ते काम फत्ते झालं अशा समजुतीत. नेवेनाने विचारलं तेव्हा म्हणाले, "मिटवलं. जरा समजावून सांगावं लागतं."

पुढच्या सोमवारी सकाळी पांढरी गाडी आली. तिच्यातून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, पिकल्या केसांची एक बाई उतरली. तिने स्वतःचं नाव उझुनोवा असं सांगितलं. हुद्दा निरीक्षक. ती पुलाखाली उतरली, डाव्या हाताला वळली, बाटल्यांत पाणी भरलं, एक काठी चिखलात खुपसून हुंगली, आणि मग भट्टीवर जाऊन तिने तांब्याच्या हंड्यावर आडवी कागदी पट्टी चिकटवली. चौकशी होईपर्यंत भट्टी बंद.

आता हे ज्याला कळत नसेल त्याने आपल्या घरात ऐन दिवाळीत गॅस संपल्याची कल्पना करावी. गावातल्या साठेक घरांत पिंपांमध्ये आलुबुखारे आंबत होते आणि आलुबुखारे चौकशीसाठी थांबत नाहीत. आठवड्याभरात त्यांचा शिरका होणार होता. खारितोन बंद हंड्याशेजारी खुर्ची टाकून बसला. येणारा जाणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, काही न बोलता पुढे जाई.

मिंचेवांच्या कुंपणावर मात्र लोक बोलायला थांबत.

"मास्तर, आमची चार पिंपं सातवीत बसवू का? सुरुवातीची जाणीव किती टक्के धरता?"

"मास्तर, पुढचा अर्ज कुणाचा? माझं गाढव पण लिहायचं म्हणतंय!"

"अहो, ते साहित्य आहे!" मास्तर कुंपणाआडून ओरडत. "साहित्य आणि तक्रार यांत फरक असतो!"

"असेल हो. पण साहित्याने कधी भट्टी बंद पडलेली आम्ही पाहिली नव्हती."

मास्तरांना हे सगळं फार लागलं. त्यांना कळेना की आपण गुन्हेगार आहोत की यशस्वी शिक्षक. ज्या वर्णनाला त्यांनी सहा गुण दिले ते खरं वाटावं असं होतं म्हणूनच दिले. आणि आता ते खरं वाटलं म्हणून गाव त्यांच्यावर उलटलं होतं. यात कुणाकडे दाद मागायची?

बुधवारी काराइवानोवा बाईंनी त्यांना बोलावलं. तिथे खारितोनही होता, टोपी हातात घेऊन. बाईंनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "हे पत्र पूर्णपणे काल्पनिक असून त्यातील कोणतीही घटना घडलेली नाही. मी ते मनाने रचले आहे." खाली जागा होती: रालित्साची सही, शिक्षकाची सही.

"उद्या शाळेत चौकशी आहे," बाई म्हणाल्या. "हा कागद दिला की ती पट्टी निघेल. पोर आहे, काय होणार आहे तिचं? पोरं कल्पना करतातच."

"आणि तुम्हीच तर साडेतीन पानं तेच लिहून दिलंय," खारितोन म्हणाला. "फक्त आता एका ओळीत."

मास्तरांना ते पटलं. काल्पनिक आहे हे तर ते स्वतःच घसा फोडून सांगत होते. कागद घडी करून ते चार वाजता पुलाजवळच्या घरी गेले. रालित्सा अंगणात अक्रोड फोडत बसली होती. बोटं काळी झाली होती. आजी आतून म्हणाली, "या मास्तर, बसा," आणि त्यांच्यापुढे ताक ठेवून पुन्हा आत गेली.

रालित्साने कागद वाचला. दोनदा वाचला. मास्तरांनीच तिला तशी सवय लावली होती.

"सर, यात मनाने रचलेलं फक्त बेडकी बोलते एवढंच आहे."

"म्हणजे?"

"बाकी मी पाहिलंय. मी जिन्यावर बसून अभ्यास करते ना. तुम्हीच म्हणालात, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

"हो, पण तो इसम. तो तर..." मास्तर हसले. "तो एक नमुना आहे. असा माणूस प्रत्यक्षात थोडाच असतो?"

रालित्साने फोडलेला अक्रोड बाजूला ठेवला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला.

"सर," ती म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय कळायचंय?"

"मला वाटलं, तुम्हाला कळलं, म्हणून सहा दिलेत. आणि सगळ्यांसमोर वाचलंत तेव्हा मला वाटलं, सर किती धीट आहेत. मी आजीला पण सांगितलं."

पुलावरून एक ट्रॅक्टर गेला. मग त्यांना एकेक करून आठवायला लागलं. गुरुवारी त्यांना शेवटचा तास नसे. म्हणून भट्टीवर त्यांची पाळी गुरुवारची. आधी स्वतःच्या आलुबुखाऱ्यांची, मग सासऱ्यांच्या, मग राजधानीत राहणाऱ्या मेहुण्याच्या. चोथा न्यायला हातगाडी. हातगाडीवर पिंप. पिंप निळं. त्याची कडी गेल्या वर्षी मेहुण्यानेच तोडली होती, आणि त्याने अजून नवीन आणून दिलेली नव्हती.

त्यांनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

घरी जाऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "नेवेना, मी गुणगुणतो का?"

"तीस वर्षं."

"बेसूर?"

"सगळं नाही," नेवेना म्हणाली. "एकाच जागी."

"आणि तुला त्या दिवशी, खुल्या तासाला..."

"मला, खारितोनला, पहिल्या रांगेला, शेवटच्या रांगेला. तुम्ही इतके रंगून वाचत होतात, मध्ये कोण बोलणार? मला वाटलं, घरी आल्यावर तुम्हीच विषय काढाल. तुम्ही म्हणालात, 'कसं झालं?' मी म्हटलं, 'छान.' काय म्हणायचं होतं?"

सगळ्या गावाला कळलं होतं. ज्यांनी शाळा सोडल्यापासून एक पुस्तक उघडलं नव्हतं त्यांना पहिल्या ओळीत कळलं होतं. साहित्याचे शिक्षक तेवढे राहिले होते. मास्तर त्या संध्याकाळी जेवले, पण ताटात काय होतं हे त्यांना सांगता आलं नसतं. आत्मसंतुष्ट, बेसूर, पत्ता नसलेला. ही विशेषणं तर रालित्साचीही नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या पदरची घातली होती, निळा टाय बांधून.

गुरुवारी दुपारी शाळेच्या सभागृहात गाव जमलं. व्यासपीठावर उझुनोवा बाई रबरी बुटांनिशी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे रालित्साचं पत्र होतं, आणि त्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणा मास्तरांना लांबूनच दिसल्या. इतक्या काळजीने वाचलेला कागद मास्तरांनी स्वतःच्या हाताखालूनही गेलेला पाहिला नव्हता.

"मी हे पाच वेळा वाचलं," उझुनोवा बाई म्हणाल्या. "माझा प्रश्न लहान आहे. शेवटचं वाक्य, 'जणू आत्ताच कुणाला काही भेट देऊन आला आहे.' हे मनाने सुचत नाही. हे कुणीतरी बघितलेलं आहे. शाळेचं म्हणणं काय?"

काराइवानोवा बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या खिशात तो कागद होता. रालित्सा आजीशेजारी, खाली मान घालून बसली होती. तिने सही केली नव्हती, आणि मास्तरांनी नुसती एकट्याने सही केली असती तरी काम भागलं असतं. पोरीचा शब्द आणि शिक्षकाचा शब्द यांत गावाने कुणाचा धरला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर उभे राहिले. सत्तावीस वर्षं बोलण्याची सवय असलेल्या माणसाला पहिलं वाक्य सापडेना. त्यांनी एकदा "निवेदक" म्हटलं, एकदा "रचना" म्हटलं, मग थांबले.

"तो इसम मी आहे," ते म्हणाले. "पिंप माझं आहे. मुलीने लिहिलंय ते खरं आहे. सगळं. पोटासकट."

कुणी हसलं नाही. आणि मागून खारितोनचा, भट्टीवर बसून कमावलेला आवाज आला:

"मास्तर, बसा हो खाली! तुम्ही असं कबूल करत सुटलात तर बाकीच्या साठ पिंपांचं काय?"

उझुनोवा बाईंनी सावकाश मान वर केली. "बाकीच्या?"

खारितोनने टोपी डोक्यावर घातली, मग काढली, मग तिच्याकडे बघत बसला. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने खांदे उडवले. "आमचं लाल आहे," ती म्हणाली. "निळं नाही." तिच्या शेजारणीने तिला कोपर मारलं. मग कुणीतरी म्हणालं, आमच्या आजोबांच्या वेळेपासून ओढ्यातच जातं. दुसरं म्हणालं, तेव्हा दहा पिंपं होती. तिसरं म्हणालं, तेव्हा ओढ्याला पाणीही होतं, आम्ही खेकडे धरायचो. आणि एकदा खेकड्यांचा विषय निघाल्यावर सभा हाताबाहेर गेली. लोक एकमेकांना खेकड्यांचे आकार हातांनी दाखवायला लागले. दहा मिनिटांनी सभागृहात प्रत्येकजण ओरडत होता आणि कोण कुणाच्या बाजूने आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. उझुनोवा बाई शांतपणे लिहून घेत होत्या.

निकाल असा लागला: भट्टीमागे सिमेंटचा खड्डा करायचा, चोथा त्यात साठवायचा आणि वसंतात चुना घालून शेतांवर पसरायचा. खड्डा खणून झाला की पट्टी निघेल. खणणार कोण, यावर गावाचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं.

अर्थात मास्तर एकटे पुरे पडले नाहीत. शुक्रवारी सकाळी ते फावडं घेऊन गेले, अकरापर्यंत त्यांनी जे खणलं त्यात एक मांजर बसलं असतं, आणि मग खारितोन "आलुबुखारे तरी वाचतील" असं पुटपुटत स्वतः उतरला. त्याच्यामागून बाकीचे आले. शनिवारी दुपारी पट्टी निघाली. दोन घरांचे आलुबुखारे शिरक्याला गेले. त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. बाकीचे बोलत, पण मास्तर दिसले की बोलताना जरा जपून, शब्द निवडून बोलत. हा मान आहे की टोमणा, हे मास्तरांना काही केल्या ठरवता येईना. परिपत्रकाचा तक्ता त्यांनी काराइवानोवा बाईंना कोराच परत दिला. बाईंनी तो स्वतः भरला. किती टक्के भरला ते मास्तरांनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मास्तर खड्ड्याच्या कडेला उरलेली माती सारखी करत होते. रालित्सा वही घेऊन आली आणि मातीच्या ढिगावर बसली.

"सर, मला त्या पत्रात एक गोष्ट जमली नाही."

"सहा गुण दिलेत की."

"ते तुम्ही न कळता दिलेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती नोंद करत होती. "मी सगळं बाहेरून लिहिलं. तो माणूस पिंप ओततो तेव्हा त्याला आतून काय वाटतं, ते मला कळेना. म्हणून मी 'जणू' लिहून सोडून दिलं. तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काही नाही," मास्तर लगेच म्हणाले. "काहीच वाटलं नव्हतं. सगळे ओततात, मी ओतलं."

ती पेन्सिल धरून थांबली. मास्तरांनी फावडं मातीत रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. खाली ओढा होता. त्यांनी त्या दिशेला बघायचं टाळलं, मग बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "थांब. आधी मी इकडेतिकडे बघितलं. कुणी आहे का ते."

"तिन्ही गुरुवारी?"

"तिन्ही. दिसलं नाही कुणी. मग ओतलं." त्यांनी बुटाने एक ढेकूळ फोडलं. "आणि मग गुणगुणायला लागलो. आधी नाही. नंतर."

रालित्साने वही गुडघ्यावर उघडली आणि लिहायला घेतलं. ती भराभर लिहीत होती, स्वल्पविराम गाळत, अक्षर सुटं सोडत. काहीतरी सांगावं म्हणून मास्तरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं, फावडं बाजूला ठेवलं, आणि तिचं लिहून होईपर्यंत आवाज होऊ नये म्हणून माती हाताने ओढत राहिले.